विषयाचा रकाना

"सर, मॅच नसेल त्या दिवशी प्रॅक्टिकलला जाऊ द्याल ना?"

मी वहीत तिची उंची लिहीत होतो. पेन तिथेच थांबलं.

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाला यंदा लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाला पकड करणारी, हवी आहे. मैदानात ७, संघात १२. त्यातल्या चौघी यंदा कॉलेजातून गेल्या. म्हणून महिनाभर मैदानं पालथी घालतोय. ही पोरगी चढाईला आलेलीचा घोटा धरते ना, सोडतच नाही!

मग माझं नेहमीचं सुरू. हॉस्टेल, मॅट, फीमध्ये सवलत, बूट. तिने सगळं शांतपणे ऐकलं, आणि वर हा प्रश्न. केमिस्ट्री घ्यायचीये म्हणे.

"घरच्यांनी विचारायला सांगितलं का गं?"

"नाही सर. ताई खो-खो खेळायची. तिचं दुसरं वर्ष अजून राहिलंय."

घरी येऊन वही उघडली. उंची, वजन, जागा, जिल्हा की राज्य. विषयाचा रकानाच नाही. दरवर्षी मीच आखतो ती वही, स्केलपट्टी घेऊन.

गेलेल्या चौघींपैकी दोघींचे विषय मला आठवेनात.

तुमच्या कॉलेजात खेळाडूंचे जर्नल कोण पुरं करायचं हो? खरं सांगा.