दौलताबाद स्टेशनावर उतरू नका

"दौलताबादला उतरा, गड समोरच आहे," असं गाडीतल्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं आणि मी उतरलो. गड समोर दिसतो, यात खोटं काही नाही. डोळ्याला अर्धा कोस, पायाला तासाच्या वर. एप्रिल, अकरा वाजलेले, वाटेत बाभळीची सावली तेवढी. बाहेर एकच रिक्षा. साडेतीनशे! "ऊन लई हाय साहेब, परत मोकळंच यावं लागतंय," हे त्याचं गणित. मी हट्टाने चालत निघालो. मूर्खपणा होता.

खरं तर मी गडासाठी नाही, मनमाड-जालना मार्गावरची निजामाच्या काळातली स्टेशनं बघायला निघालो होतो. हा मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, मीर महबूब अली खान निजाम असताना. त्याआधी वेरूळला जाणारे लोक नांदगावला उतरून टांग्याने यायचे. त्यांच्यापुढे माझं तासाभराचं चालणं काहीच नाही, पण हे सुचलं संध्याकाळी, पंख्याखाली.

जुनी इमारत ओळखायची तर खांब-कमानींवर नजर लावू नका, रंगाच्या थरांखाली सगळं सारखंच दिसतं. उंबरठा बघा. हा मार्ग आधी मीटरगेज होता, रुळांमधलं अंतर 1 मीटर. 1990 च्या दशकात तो 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर आला. डबे उंच झाले, म्हणून फलाटही उंच करावे लागले. जिथे जुनी इमारत पाडली नाही, तिथे ती आता खड्ड्यात बसल्यासारखी दिसते. एका ठिकाणी तिकीटघराच्या दारात मी दोन पायऱ्या चक्क खाली उतरलो. भिंत हातभर जाड, आत रांजणाजवळ बसल्यासारखा गारवा. कोनाड्यात कंदिलाची काजळी असावी असं वाटून बोट फिरवलं, तर ऑइलपेंट निघाला.

गेज बदलायच्या आधी मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला गाडी बदलावी लागायची. कापसाच्या गाठीसुद्धा तिथेच एका वाघिणीतून दुसरीत जायच्या. आमच्या आजोबांच्या बोलण्यात मनमाड म्हणजे ट्रंकेवर बसून काढलेली रात्र.

लासूर, जालना सुरळीत झालं.

मागून येणाऱ्यांनी स्टेशनं बघायला पॅसेंजर धरावी आणि दोन लिटर पाणी बरोबर ठेवावं. एका दिवसात तीनपेक्षा जास्त स्टेशनं ठरवू नयेत, पुढची गाडी चुकली की दिवस गेलाच. गड बघायचा असेल तर सरळ संभाजीनगरला उतरा. तिथून वेरूळकडे जाणारी एसटी गडाच्या दारावरूनच जाते. परतताना मी तीच पकडली. त्या साडेतीनशेत माझ्यासारखे पाच-सहाजण सहज आले असते, आणि मला खिडकी मिळाली होती.