न हलणारी खेळणी

'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या पात्रांच्या फिगर, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या बाहुल्या, जमवणाऱ्या माणसांमध्ये एक जुना आणि बहुधा कधीच न मिटणारा वाद आहे, आणि तो सांध्यांवरून आहे. एका पक्षाला मान, कोपरे, मनगटे, गुडघे, घोटे असे जेवढे वळू शकेल तेवढे सगळे वळायला हवे असते, म्हणजे फिगरला रोज नवा पवित्रा देता येतो. दुसऱ्या पक्षाला सांध्याची प्रत्येक फट डोळ्यांत खुपते. मी दुसऱ्या पक्षात आहे. घडवणाऱ्याने एकच क्षण निवडावा, सगळे कसब त्यात ओतावे आणि मला चहूबाजूंनी पाहू द्यावे, एवढीच माझी अपेक्षा असते. खेळण्याने हलूच नये असे म्हणणे थोडे चमत्कारिक आहे, हे मला मान्य आहे.

सुरुवातीच्या फिगर अर्थातच हातात घेऊन खेळण्यासाठी होत्या. पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये आला आणि खेळण्यांचा परवाना घेतलेल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीला उसळलेल्या मागणीपुढे हात टेकावे लागले. त्या वर्षीच्या नाताळात दुकानांत पोहोचले ते पुठ्ठ्याचे एक पाकीट. त्यात खेळणे नव्हते, एक प्रमाणपत्र होते. ते भरून पाठवले की पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर टपालाने घरी यायच्या होत्या. या फिगरचे माप सुमारे पावणेचार इंचांचे ठेवले होते आणि त्यामागे हिशेब होता. बारा इंची बाहुल्याच्या मापाचे अंतराळयान करायला घेतले असते तर ते खोलीत मावले नसते. पावणेचार इंचांमुळे 'मिलेनियम फाल्कन' हे चित्रपटातले यान मुलांच्या हाती आले. त्या लहान मापाची किंमत चेहऱ्यांनी मोजली. डोळे म्हणजे रंगाचे दोन ठिपके, वळण्याजोग्या जागा म्हणजे मान, दोन खांदे आणि दोन मांड्या, आणि खलनायक डार्थ व्हेडरचा झगा म्हणजे व्हायनिलचा एक तुकडा. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही, कारण जे घडवलेले नसते ते मूल खेळताना स्वतःच भरून काढते.

त्याच काळातला स्नॅगलटूथ नावाच्या दुय्यम पात्राचा किस्सा मला फार आवडतो. मद्यशाळेच्या प्रसंगात क्षणभर दिसणाऱ्या या परग्रहवासीयाचा जो फोटो केनरच्या शिल्पकारांपर्यंत पोहोचला, त्यात तो कमरेच्या वरच दिसत होता. खाली काय असेल याचा त्यांनी अंदाज बांधला, त्याला इतरांएवढी उंची दिली, निळा पोशाख चढवला आणि पायांत बूट घातले. १९७८ मध्ये सीअर्सच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या मद्यशाळेच्या संचात तो तसाच आला. मूळ पात्र बुटके होते आणि त्याचा पोशाख लाल होता, हे नंतर ध्यानात आले आणि दुरुस्त केलेली बुटकी आवृत्ती बाजारात आणली गेली. आज संग्राहकांचा जीव त्या निळ्या, उंच, चुकलेल्या स्नॅगलटूथवर अधिक आहे. मला मात्र या किश्शातली अडचण जास्त रंजक वाटते. कॅमेऱ्याला चौकटीबाहेरचे दाखवावे लागत नाही. फिगर घडवणाऱ्याला चौकट नसतेच. चित्रपटाने जे सोडून दिले, त्याचे उत्तर त्याला द्यावेच लागते.

पुढे १९९१ मध्ये केनर हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे गेली आणि २००२ मध्ये हॅस्ब्रोने 'अनलीश्ड' नावाची मालिका काढली. सुमारे सात इंच मापाच्या या फिगर खेळण्यांच्या रांगेतच विकायला ठेवलेल्या असत, पण प्रत्यक्षात त्या प्लॅस्टिकच्या मूर्ती होत्या. सांधे जवळजवळ नाहीत, पायांखाली घडवलेली बैठक, आणि पवित्रा असा की त्यात काही बदलायची सोयच नाही. ज्यांना खेळायचे होते त्यांनी नाके मुरडली. माझ्या मते मात्र सांधे गेल्यामुळे घडवणाऱ्याचे हात मोकळे झाले. शरीराचा पीळ एकसंध दाखवता येऊ लागला; आडव्या सांध्यापाशी तुटून पुन्हा सुरू होणारी पाठ एका ओघात वळली. बैठकीचा फायदा त्याहून मोठा होता. सपाट फळीवर उभी असलेली फिगर नुसती टेकवून ठेवल्यासारखी दिसते, पण खडकावर रोवलेला पाय आणि त्यामुळे एका बाजूला चढलेली कंबर दिसली की शरीराला वजन येते.

सर्वांत जास्त फायदा झाला तो कापडाचा. अनेक संग्राहकांना वाटते की खरे कापड लावले की फिगर अधिक खरी दिसते. या मापात ते बहुधा उलटेच होते. माणूस दहा पटींनी लहान केला तरी सूत दहा पटींनी बारीक होत नाही आणि कापड त्या प्रमाणात लवचीकही होत नाही. त्यामुळे माणसाच्या अंगावर झुळझुळणारा झगा फिगरच्या खांद्यावर ताडपत्रीसारखा ताठ उभा राहतो. घडवलेला झगा या अडचणीतून सुटतो. त्याच्या चुण्या शिल्पकाराने ठरवलेल्या असतात, त्यामुळे त्या केवळ कापड दाखवून थांबत नाहीत, तर हे पात्र क्षणापूर्वी कोणत्या बाजूला वळले तेही सांगतात. शरीर थांबलेले आहे आणि झगा अजून थांबायचा आहे, हा काळातला फरक प्लॅस्टिकमध्ये पकडला गेला की मी ती फिगर कोणत्या पात्राची आहे हे विसरून तिच्याकडे पाहत राहतो.

अर्थात शिल्पकाराच्या हातातले सगळेच आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मूळ शिल्प मेणात किंवा मातीत, पुष्कळदा विक्रीच्या मापापेक्षा मोठे केलेले असे. आता ते बहुधा संगणकावर घडते. नंतर गाठ पडते पोलादी साच्याशी. साच्याची दोन अर्धुके उघडली की आतला तुकडा कुठेही न अडकता सुटला पाहिजे, म्हणून खोल खाचा आणि आत वळलेल्या कडा टाळाव्या लागतात किंवा फिगरचे अनेक तुकडे पाडून ते नंतर जोडावे लागतात. हे जोड कमरपट्ट्याखाली, बाहीच्या कडेत, केसांच्या रेषेत लपवलेले असतात आणि ते शोधून काढणे हा माझा एक फावल्या वेळचा उद्योग आहे. रंगकाम त्याच्याही पुढचे. पट्ट्या आणि खुणा झाकण्या लावून फवारल्या जातात, बारीक चिन्हे आणि बुबुळे ठशाने उमटवली जातात, आणि खाचांमध्ये पातळ, गडद रंग उतरू देऊन वरचा पुसून काढतात. ज्याला आपण कौतुकाने 'बारकावा' म्हणतो, त्यातला बराचसा भाग ही रंगवलेली सावली असते. तिचा अतिरेक झाला की नुकताच घडवलेला सैनिकही वर्षभर अंघोळ न केल्यासारखा दिसतो. अलीकडच्या बऱ्याच फिगरबद्दल माझी हीच तक्रार आहे.

चेहऱ्यांबाबत माझे मत अधिक कडक आहे. शिरस्त्राण घातलेली पात्रे मूर्तिरूपात जवळजवळ नेहमीच चांगली उतरतात, कारण स्टॉर्मट्रूपरचे किंवा बोबा फेटचे शिरस्त्राण मुळातच कोणीतरी घडवलेली वस्तू होती; वस्तूवरून वस्तू करणे त्या मानाने सोपे असते. माणसाच्या चेहऱ्याला ही सवलत मिळत नाही. बुबुळाचा ठसा केसभर सरकला तरी आपली ओळखीची राजकन्या लेया भलतीच कोणीतरी वाटू लागते. आता नटांच्या चेहऱ्यांचे रंग छपाईच्या सूक्ष्म ठिपक्यांनी उमटवतात आणि साम्य थक्क करणारे असते, पण मला त्यात घडवण्यापेक्षा फोटो डकवण्याचा भाग अधिक वाटतो. फार जवळ जाऊ नये, हे उत्तम.

निगा राखण्याचा विषय कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमधला प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारे रसायन, कालांतराने पृष्ठभागावर येतो, फिगर चिकट होते आणि त्यावर धूळ घट्ट बसते. सौम्य साबणाचे पाणी पुरते, निदान काही काळ. उष्णतेत घोटे लवतात आणि फिगर हळूहळू पुढे झुकते. वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि थंड पाण्यात बुडवायचा, हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. उन्हात पिवळे पडलेले पांढरे चिलखत मात्र कायमचे हातचे गेले असे समजावे, म्हणून फळी खिडकीसमोर नको.

राहिला प्रश्न वेष्टन फोडण्याचा. मुळीच न उघडलेल्या फिगरला मोल अधिक आणि न फोडणाऱ्यांची शिस्त वाखाणण्याजोगी, यात शंका नाही. पण बंद वेष्टनातली फिगर समोरूनच दिसते, म्हणजे पुन्हा कॅमेऱ्यासारखीच. मला आधी तिची पाठ पाहायची असते. पडद्यावर व्हेडर किती का वेळ वावरेना, त्याच्या झग्याची मागची बाजू खांद्यांपाशी कशी जमते, ती कुठे ताणली जाते, टाचेपाशी कापड जमिनीला टेकते की नाही, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते, आणि आळशी शिल्पकाराचे पितळ तिथेच उघडे पडते. म्हणून मी वेष्टन फोडतो. पारदर्शक कवच फेकून देतो, मागचा छापील पुठ्ठा मात्र ठेवतो, कारण त्यावर मालिकेतल्या उरलेल्या फिगरची चित्रे असतात. ती सगळी समोरून काढलेली.