कोंडलेली ऊब

नोव्हेंबर सरत आला की निफाड तालुक्यात सगळ्यांचे लक्ष पाऱ्याकडे लागते. एखाद्या वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. याच धास्तीने एका शेतकरी ताईंनी आपल्या सशांच्या शेडची हिवाळ्याची तयारी वेळेआधीच उरकली होती आणि ती पाहून जावी, एवढ्यासाठी मला पशुवैद्यक म्हणून बोलावले होते.

शेड चारही बाजूंनी जमिनीपासून थेट पत्र्यापर्यंत प्लास्टिकच्या कागदाने बंद केले होते. "डॉक्टर, आता वाऱ्याची झुळूकही आत यायची नाही," ताई समाधानाने म्हणाल्या. दार उघडून आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले. पिंजऱ्यांखाली लेंड्या आणि मूत्राचा ओला थर साचला होता, कागदाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि मी पिंजऱ्याच्या उंचीला वाकलो तेव्हा अमोनियाचा वास घशात बसला. उभ्या माणसाला जो वास थोडा वेळ सहन होतो, त्यातच ससे रात्रंदिवस श्वास घेत होते.

कोपऱ्यातली न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी शिंकत होती. तिचे नाक वरवर कोरडे वाटले, म्हणून मी तिचे पुढचे पाय हातात घेऊन आतली बाजू पाहिली. तिथले केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते. ससा वाहणारे नाक पुढच्या पायांनी पुसतो, त्यामुळे सर्दीचा पुरावा पुष्कळदा पायांवरच सापडतो. अमोनियाने श्वासमार्गाचे अस्तर दुखावले की पाश्चुरेला या जिवाणूला वाट मिळते, आणि कोंदट शेडमध्ये हा आजार पिंजऱ्यामागून पिंजरा घेत जातो. शिंकणारे आणखीही काही ससे सापडले. त्या सर्वांना वेगळे ठेवून मी इंजेक्शन सुरू केले. ताईंनी औषधाच्या दुकानातून माणसांच्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल आणून ठेवल्या होत्या, त्या मात्र मी लगेच बाजूला ठेवायला लावल्या. हे औषध सशाच्या तोंडावाटे गेले तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यापायी ससाही दगावू शकतो.

मोठा ससा कोरडा असेल आणि त्याच्या अंगावर थेट झोत येत नसेल, तर निफाडची थंडी तो दाट केसांच्या जोरावर सहज काढतो. घाम येत नसल्यामुळे त्याला खरा त्रास उन्हाळ्याचा होतो. हे ताईंना पटवायला वेळ लागला, कारण त्यांची माया खरी होती आणि थंडीची भीतीही. शेवटी आम्ही दोन्ही लांब बाजूंचा कागद पत्र्याखाली दीड फूट कापला, पिंजऱ्यांच्या उंचीपर्यंतचा आडोसा तसाच ठेवला आणि खालचा सगळा थर उपसून बाहेर काढला. दुपारपर्यंत आतली हवा बदलली होती.

थर काढतानाच एका पिंजऱ्याच्या जाळीवर चार-पाच दिवसांचे पिल्लू पडलेले दिसले. ते गार पडले होते आणि हलत नव्हते. सशाची पिल्ले बिनकेसांची जन्मतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. आई बहुधा दिवसातून एकदाच, काही मिनिटे पाजते. एखादे पिल्लू आचळाला तसेच लोंबकळत विण्यासाठी ठेवलेल्या पेटीच्या बाहेर आले, तर मांजरीसारखे उचलून ती त्याला परत नेत नाही. मी ते दोन्ही तळव्यांत धरले, मग ताईंनी आणलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीवर कापड घालून त्यावर ठेवले. बऱ्याच वेळाने त्याने मागचा पाय ताणला, तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता दुसरी पिशवी भरायला गेल्या.

खरी तयारी या पिल्लांसाठीच हवी होती. पेटीचा पुढचा काठ बुटका होता, तो फळी ठोकून सहा इंच उंच केला. तळाशी लाकडाचा भुसा आणि त्यावर इगतपुरीकडचा भाताचा कोरडा पेंढा घातला. उरलेले अस्तर मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून करते. गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असल्याने पेटी 28व्या दिवशी ठेवायची, हे ताईंनी पिंजऱ्याच्या पाटीवर लिहून घेतले. दवाने भिजलेला लसूणघास सावलीत सुकवल्याशिवाय द्यायचा नाही आणि शेडजवळ शेकोटी पेटवायची नाही, कारण आधीच दुखावलेला श्वासमार्ग धुराने पुन्हा बिघडतो, हेही ठरले.

डिसेंबरातल्या कडाक्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा बाकीचे ससे सावरले होते. कोपऱ्यातल्या त्या मादीचे नाक मात्र औषध थांबले की पुन्हा वाहू लागायचे. अशी मादी वरून ठणठणीत दिसली तरी पिल्लांना आजार देत राहते, म्हणून तिला पैदाशीतून काढायला मी सांगितले. ताईंना ते जड गेले, पण त्यांनी तिचा पिंजरा शेडबाहेर, ओसरीच्या आडोशाला हलवला.