अजून खातोय की, मग नळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या मुलाला नाकातून पोटापर्यंत जेवणाची नळी घालू म्हटलं की आई, आजी, गावाहून फोनवर काका, सगळ्यांचा एकच सवाल: ‘पोरगं तोंडानं खातंय, मग आत्ताच कशाला?’

आत्ता घालता येते म्हणून. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, खाली येतात, त्याच सुमारास तोंड आतून सोलवटतं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरल्यावर त्या सोललेल्या घशातून नळी सरकवायची, तर रक्त येण्याची भीती. मग उरतं सलाईन. एक लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, जेमतेम १७० कॅलरी असतात. ते जेवण नव्हे.

‘वजन तर तेवढंच आहे!’ विल्म्सच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या कॅन्सरच्या, गाठीनं पोट भरलेलं असेल तर काटा गाठीचंही वजन दाखवतो. दंडाला टेप लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, काटा काहीही म्हणो. आणि वरणाचं पाणी देताय, त्यातली डाळ पातेल्यात खालीच राहते हो!

नळीचा त्रास मी नाकारत नाही. मूल आईच्या नावानं ओरडतं आणि त्याचं डोकं धरायला आईलाच सांगतात. पण माझी खरी धास्ती पुढची आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत लांबी मोजून नळी घालतात, नाकपुडीशी मार्करनं खूण करतात. मुलाला उलटी होते. आतलं टोक वर येऊन घशात वेटोळं होतं, गालावरची पट्टी मात्र जागच्या जागी. घरचे पट्टी बघतात, फीड, म्हणजे नळीतलं पातळ अन्न, सोडतात, आणि ते फुप्फुसात जातं. म्हणून दर फीडआधी खूण बघा, तोंड उघडून बघा, सिरिंजनं नळीतून पोटातलं थोडं पाणी ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्ल मोजणाऱ्या कागदावर, टाका. ५.५ किंवा कमी हवा. नळीत हवा सोडून स्टेथोस्कोपनं आवाज ऐकला, एवढ्यावर भागत नाही. ॲसिडिटीच्या औषधानं पीएच वर राहिला तर एक्सरे. शंका असेल तर फीड थांबवा, दूध वाया गेलं तरी चालेल.

खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पोटभर द्यायचं नाही, हेही भांडून सांगावं लागतं. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम एकदम कोसळतं, हृदयावर बेततं. कमीपासून सुरू करून, तपासण्या बघत, चारपाच दिवसांत वाढवायचं.

एकेकाळी माझंही म्हणणं होतं, दहा टक्के वजन घटू द्या, मग बघू. तेव्हाची मी आज म्हणेल, ‘ज्याला लागलीच नसती त्यालाही तू नळी घालतेस.’ घालते. तोंड सोलवटणार कोणाचं, हे नेमकं आधी कळत नाही. केमो कोणती त्यावरून अंदाज तेवढा येतो. त्यावर ती गप्प बसेल असं मला वाटत नाही.

नळीनं भूक मरते, ही तक्रार मात्र खरी. म्हणून जमेल तिथे फीड रात्री, डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवून, हळूहळू. दिवसा ताट त्याच्यापुढे ठेवायचंच. दोन घास खाल्ले तर खाल्ले, मागे लागायचं नाही.