पंचविशीत मृत्युपत्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मृत्युपत्रं करून देणं हे माझं काम. त्यामुळे विशी-तिशीतलं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच: ‘घर नाही, जमीन नाही, खात्यात जेमतेम दोन पगार. मग लिहायचं काय?’

तुमच्या वयात मालमत्तेचा विचार शेवटी केला तरी चालेल. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीनं कोण बोलणार, हे आधी ठरवा. बेशुद्धावस्थेत पडलेल्या माणसाला मृत्युपत्राचा काही उपयोग नसतो, कारण ते लागू होतं मृत्यूनंतर.

फ्लोरिडातली टेरी शायव्हो १९९० मध्ये हृदय बंद पडून कोसळली, तेव्हा ती २६ वर्षांची होती. मेंदूची इजा भरून आली नाही. तिनं काही लिहून ठेवलं नव्हतं. नवरा म्हणायचा, नळीनं अन्न घालून असं जगणं तिला नको होतं. आईवडील म्हणायचे, तिला जगू द्या. वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं, अमेरिकेच्या संसदेनं तिच्यासाठी खास कायदा केला, आणि २००५ मध्ये ती गेली तरी दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. बरोबर कोण होतं, यात मी पडत नाही. पण तिच्या सहीचं एक पान असतं, तर तिच्या मनात काय होतं हे कोर्टाला साक्षींवरून ठरवावं लागलं नसतं.

म्हणून पहिला कागद वैद्यकीय इच्छापत्राचा. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, निर्णय कोण घेईल. सज्ञान मुलाच्या बाबतीत आईवडिलांना तो अधिकार आपोआप असेलच असं नाही, आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला अनेक ठिकाणी कायदा परकाच धरतो. नमुना आणि साक्षीदारांचे नियम देशागणिक बदलतात, ते तिथल्या वकिलाला विचारा. मात्र ज्याचं नाव लिहिणार, त्याच्याशी आधी सविस्तर बोला. नाहीतर ऐन वेळी त्यालाही अंदाजच बांधावा लागेल.

मग ऑनलाइन खाती. गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना (जास्तीत जास्त १०) तुम्ही ठरवलेला डेटा मिळतो. ॲपलनं २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे तुमच्या मृत्यूनंतर तुमचा डेटा पाहू शकणारी व्यक्ती, नेमायची सोय दिली आहे. त्या व्यक्तीला ॲक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. पासवर्ड मृत्युपत्रात कधीही लिहू नका. ते कोर्टात दाखल झालं की अनेक देशांत कुणालाही वाचता येतं.

नोकरीला लागताना घाईत भरलेलं नॉमिनीचं नावही तपासा. काही ठिकाणी ते मृत्युपत्रावर मात करतं, काही ठिकाणी नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो आणि हक्क वारसांचाच राहतो. दोन्हीकडे जुनं नाव तापदायकच.

पदरी लहान मूल असेल, तर मात्र हा सगळा क्रम मोडा आणि आधी मृत्युपत्र करा. तुमच्यानंतर त्याला कुणी सांभाळावं हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर ते ठरवणाऱ्या न्यायाधीशानं तुम्हाला कधी पाहिलेलंही नसेल. मूल नसेल, तर या आठवड्यात वैद्यकीय निर्णयांसाठी माणूस निवडा आणि त्याला विचारा, तो तयार आहे का.