परदेशात भाड्याची गाडी ठोकली तर: आधी फोटो, मग कागद, मग बाकीचं

जालना रोडवर दोन गाड्या घासल्या की पुढे काय होतं ते आपल्याला पाठ आहे. दहा माणसं जमतात, त्यातला एक आपोआप पंच होतो, ‘द्या दोन हजार आन् मिटवा’ म्हणतो, आणि पाच मिनिटांत रस्ता मोकळा. परदेशात भाड्याची गाडी घेताना ही सवय घरीच ठेवून जा. गाडी तुमची नाही, विमा तुमच्या नावावर नाही, आणि रोख देऊन मिटवलेल्या अपघाताचा एकही कागद नसतो. गाडी परत करताना तो पोचा तुमच्या खात्यावर लागतो आणि ‘अपघात कळवलाच नाही’ या कलमाखाली कंपनी नुकसानमाफीही काढून घेते. म्हणजे समोरच्याला दिलेले गेले आणि दुरुस्तीचा सगळा खर्चही अंगावर आला.

अपघातानंतर लागणाऱ्या कागदांपैकी निम्मे घरून निघण्याआधीच तयार व्हायला हवेत. पहिला म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, आयडीपी. आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत मिळतो: लातूरकरांना एमएच-२४ मध्ये, नांदेडकरांना एमएच-२६ मध्ये. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १००० रुपये, सोबत पासपोर्ट. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. भारताची आयडीपी १९४९ च्या रस्ते वाहतुकीच्या जिनिव्हा कराराखालची असते, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर तिला काही अर्थ नाही. इथे ट्रॅफिक पोलीस डिजिलॉकर बघून सोडतो. तिथल्या काउंटरवर प्लास्टिकचं कार्डच मागतात.

नावांचा घोळही आधीच मिटवा. लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं पाहिजे. भाऊ गाडी चालवणार आणि कार्ड वहिनींचं, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ते बंदच असतात. फॉरेक्स कार्डावर अनामत अडकवायला बऱ्याच कंपन्या नकार देतात.

आता सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर, वर म्हटलेली नुकसानमाफी. बुकिंगमध्ये हे अक्षर दिसलं की लोक ‘विमा आहे’ म्हणून निवांत होतात. खरं तर तो विमा नाही. गाडीच्या नुकसानीतली ठरावीक मर्यादेच्या वरची रक्कम तुमच्याकडून मागणार नाही, एवढाच कंपनीचा शब्द असतो. त्या मर्यादेला एक्सेस म्हणतात. समजा एक्सेस १५०० युरो आहे आणि बंपरचं काम ९०० युरोंचं निघालं, तर सगळे ९०० तुमचे. काम ४००० चं निघालं तर तुमचे १५००, बाकी कंपनीचे. त्यावर टोइंग, गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली त्या दिवसांचं भाडं आणि कागदपत्रांचं शुल्क हे वेगळं लागू शकतं. टायर, काचा, छत, गाडीचा खालचा भाग, क्लच, हरवलेली चावी आणि चुकीचं इंधन हे साध्या सीडीडब्ल्यूत सहसा येत नाही. इंधनाचा सापळा तर नावातच आहे: फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ किंवा ‘गॅसऑइल’ लिहिलेलं असतं ते डिझेल, आणि स्पेनमध्ये ‘गासोलिना’ लिहिलेलं असतं ते पेट्रोल.

एक्सेस शून्यावर आणायचे दोन मार्ग आहेत. काउंटरवरचं सुपर कव्हर महाग पडतं, पण अपघातानंतर कार्डाला हात लागत नाही, किंवा थोडाच लागतो. बाहेरच्या कंपनीची एक्सेस पॉलिसी स्वस्त असते. तिच्यात मात्र आधी तुमच्या कार्डावरून पूर्ण रक्कम कापली जाते आणि मग तुम्ही दावा करायचा. अशा अनेक पॉलिसी फक्त युरोप किंवा ब्रिटनच्या रहिवाशांसाठी असतात. भारतात राहणाऱ्याला चालते का, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. पहिल्यांदाच उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याने काउंटरवरचं महाग कव्हर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवर या बाबतीत भिस्त ठेवू नका. तो मुख्यतः दवाखान्याचा खर्च बघतो, आणि त्यातल्या वैयक्तिक जबाबदारीच्या कलमातून मोटार सहसा वगळलेली असते. अमेरिकेत अजून एक भोक आहे: समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर कधी कधी त्या राज्याच्या किमान मर्यादेइतकंच असतं आणि ती फार तोकडी असू शकते. तिथे एसएलआय नावाचं, समोरच्याच्या नुकसानीचं वाढीव कव्हर घेतलेलं बरं.

सगळ्यात मोठा खड्डा आपला आपणच खणतो. करारात नाव नाही त्याच्या हातात चावी द्यायची. ‘साडू पण मस्त चालवतो, घेऊ दे जरा’ म्हणायचं, आणि नेमकी त्याच्याच हातून लागते. मग सीडीडब्ल्यू, सुपर कव्हर सगळं रद्द. दुसऱ्या चालकाचं नाव पैसे भरून काउंटरवरच घालून घ्या. दारूचंही तेच. जर्मनी, फ्रान्स, इटलीत मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम आहे, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकात शून्य.

अपघात नेमका कुठे होतो तेही माहीत असलेलं बरं. डावीकडच्या स्टिअरिंगवर बसलं की आपली गाडी नकळत उजवीकडे सरकते, कारण आपल्याला उजवीकडे बसून रस्ता मोजायची सवय. त्यामुळे उजव्या बाजूची चाकं आणि आरसा आधी घासतो. दुसरी जागा म्हणजे पार्किंगमधून किंवा पंपावरून रिकाम्या रस्त्यावर निघताना. समोर गाडी नसली की हात सवयीने डाव्या लेनकडे वळतो. तिसरी जागा चौकातलं गोल. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांत गोलाला उलट्या दिशेने फेरा असतो आणि आत फिरणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. ब्रिटन, थायलंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हा त्रास नाही, तिथे आपल्यासारखीच डावी बाजू.

आता प्रत्यक्ष ठोकर. चारही इंडिकेटर लावा. दार उघडण्याआधी परावर्तक जॅकेट घाला. म्हणूनच ते डिकीत न ठेवता सीटजवळ ठेवायचं असतं. फ्रान्समध्ये साध्या रस्त्यावर इशाऱ्याचा त्रिकोण किमान ३० मीटर मागे ठेवतात. मोटरवेवर मात्र तो ठेवायला चालत जाणंच धोक्याचं, तिथे सगळ्यांना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे न्या आणि नारिंगी एसओएस खांबावरून बोला. हे खांब साधारण दोन-दोन किलोमीटरवर असतात. त्यावरून बोललं की तुम्ही कुठे आहात ते त्यांना आपोआप कळतं. युरोपभर आपत्कालीन नंबर ११२. दुबईत पोलीस ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५.

कुणी जखमी नसेल आणि जागा धोक्याची नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. आधी लांबून, दोन्ही नंबरप्लेट, लेनच्या रेषा आणि सिग्नल किंवा पाटी एकाच चौकटीत येतील असे. मग पुढची चाकं कुठे वळलेली आहेत ते, ब्रेकच्या खुणा, काचेचे तुकडे कुठे पडले ते. जवळून काढलेला पोच्याचा फोटो शेवटी. एकट्या पोच्यावरून कोण कुठून आलं ते कळत नाही, आणि भांडण तिथेच असतं. समोरच्याच्या लायसन्सचा आणि विम्याच्या कागदाचाही फोटो घ्या. तोंडातून सवयीने ‘सॉरी, माझंच चुकलं’ निघतं, ते आवरा. काय घडलं एवढंच सांगा, दोष कुणाचा ते विमा कंपन्या ठरवतात.

युरोपातल्या किरकोळ ठोकरीला पोलीस बऱ्याचदा येतच नाहीत. तिथे गाडीच्या कप्प्यात ठेवलेला दोन प्रतींचा अपघात-फॉर्म भरायचा असतो. फ्रान्समध्ये त्याला ‘कॉन्स्टा’ म्हणतात. भाषा कुठलीही असो, रकान्यांचे क्रमांक तेच. म्हणून इंग्रजी प्रत मोबाईलमध्ये उतरवून ठेवली की इटालियन फॉर्मही क्रमांक जुळवून भरता येतो. तिसरा रकाना जखमींचा. मान नुसती आखडली असली तरी ‘हो’. सहाव्यात विमाधारक म्हणून गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचं नाव घाला, आपलं नको. आपण नवव्यात, चालक म्हणून. दहाव्यात पहिली धडक कुठे बसली तो बाण, अकराव्यात दिसणारं नुकसान.

बारावा रकाना हाच खरा खेळ. त्यात १७ चौकटी आहेत: ८ म्हणजे पुढच्या गाडीला मागून धडक, १० लेन बदलणं, १४ गाडी मागे घेणं, १७ सिग्नल किंवा अग्रक्रमाची पाटी न पाळणं. ६ आणि ७ नीट वाचा. ६ म्हणजे गोलात शिरत होतो आणि ७ म्हणजे गोलात फिरत होतो. फिरत असताना चुकून ६ वर फुली मारली की दोष स्वतःहून ओढवून घेतलाच. खाली किती चौकटींवर फुली आहे तो आकडा लिहायचा असतो. तो रिकामा ठेवू नका, कारण नंतर एक फुली वाढली तर तुम्ही काय दाखवणार? तेराव्यात नकाशा काढा, रस्त्यांची नावं आणि बाण घालून. समोरच्याचं म्हणणं पटत नसेल तर चौदाव्यात ‘असहमत’ लिहा, इंग्रजीत चालेल. पंधराव्यात सही. सहीनंतर फॉर्मच्या दर्शनी पानावर एक अक्षरही बदलायचं नाही, आणि ज्याचा अर्थ कळला नाही त्यावर सही नाही. समोरचा घाई करत असेल तर उलट जास्त वेळ घ्या.

काही देशांचं वेगळं आहे. यूएईत पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेजवाला गाडीला हातच लावत नाही, साधा ओरखडा असला तरी. जपानमध्येही पोलिसांना कळवल्याशिवाय अपघाताचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय विमा नाही. जर्मनीत उभ्या गाडीला धक्का देऊन काचेवर चिठ्ठी लावून निघून जाणं हा अपघातस्थळावरून पळ काढल्याचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. मालकाची वाट बघा किंवा पोलिसांना फोन करा. न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या जखमेच्या उपचाराचा बराच भार एसीसी ही सरकारी संस्था उचलते, पर्यटकांचाही, दोष कुणाचा हे न बघता. यूएईत अपघातात माणूस दगावला तर दियाची, म्हणजे मृताच्या कुटुंबाला द्यायच्या भरपाईची, रक्कम २ लाख दिऱ्हॅम आहे आणि प्रकरण मिटेपर्यंत देश सोडायला बंदी येऊ शकते. अटक झाली तर भारतीय दूतावासाला कळवा, अशी मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिलेला आहे. दूतावास वकिलांची यादी देतो, घरी निरोप देतो. दंड किंवा जामीन भरत नाही.

गाडीच्या कंपनीला त्याच दिवशी कळवा. करारात बहुधा २४ तासांची मुदत असते. फोन केलात तरी मागून ईमेल पाठवाच, वेळ नोंदलेली राहते. स्वतः गॅरेज शोधून दुरुस्त करून घेऊ नका, कितीही स्वस्त पडत असलं तरी. बदली गाडी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर तिच्यासाठी पुन्हा अनामत अडकू शकते. कार्डाची मर्यादा दुप्पट धरून निघायचं ते यासाठी.

गाडी देताना नुकसानीचा अहवाल समोर भरून घ्या, प्रत घ्या, आणि बाकीच्या न लागलेल्या बाजूंचेही फोटो काढा. कंपनी पैसे कापेल तेव्हा एकगठ्ठा आकडा मान्य करू नका. कामाप्रमाणे फोड केलेला अंदाज किंवा बिल मागा. एक्सेस पॉलिसीच्या दाव्याला भाड्याचा करार, गाडी घेतानाचा आणि देतानाचा अहवाल, अपघात-फॉर्म, पोलिसांचा कागद किंवा नोंद क्रमांक, बिल, लायसन्स आणि आयडीपीच्या प्रती, आणि पैसे गेल्याचं कार्डाचं स्टेटमेंट हे सगळं लागतं. यातलं स्टेटमेंट लोक हमखास विसरतात.

पोलीस अहवाल आणि कंपनीची पत्रं पोस्टानंही येऊ शकतात, म्हणून पत्ता सगळीकडे एकसारखा लिहा. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असेल तर फॉर्मवरही तेच लिहा, छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव नको. परदेशी कारकुनाच्या लेखी ती दोन वेगळी गावं आणि म्हणून दोन वेगळी माणसं. शहराच्या नावापुढे महाराष्ट्र आणि ४३१००१ सारखा आपला पिनकोड टाका, कारण बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे.