शनिवारची वजडी, रोममध्ये

आज आईला आमच्या आवडत्या खानावळीत नेलं. रोमच्या टेस्टाच्चो भागात राहतो त्याचं हे सुख, चांगलं जेवण चालत जाण्याच्या अंतरावर.

या भागात १८९१ ते १९७५ रोमचा मोठा कत्तलखाना होता. चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं. आतडी, जीभ, शेपटी, वजडी इथल्या कामगारांच्या घरी शिजायची. त्यातूनच इथलं खरं जेवण घडलं, आणि मला ते पांढऱ्या टेबलक्लॉथवरच्या कुठल्याही इटालियन जेवणापेक्षा प्रिय आहे.

रोममध्ये शनिवार वजडीचा. ‘त्रिप्पा आल्ला रोमाना’: टोमॅटोत मंद आचेवर शिजलेल्या पट्ट्या, रानपुदिना, वरून भरपूर किसलेलं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. आईने आधी वास घेतला, मग एक पट्टी काट्याने दाबून बघितली. "नीट साफ केलीय," म्हणाली. आमच्या घरी वजडी साफ करणं म्हणजे अर्धा दिवस. गरम पाणी, चुना, घासणं. त्यामुळे तिच्या तोंडून हे वाक्य म्हणजे मोठीच पावती. तिखट कमी वाटलं तिला, पण पुदिना फार आवडला. शेवटी पावाने ताटलीतला रस्सा पुसून खाल्ला, जसं इथे सगळे खातात.

मालकीणबाई स्वतः टेबलाशी आल्या. आईने मराठीत, त्यांनी इटालियनमध्ये, हातवारे करत कितीतरी वेळ रेसिपीची देवाणघेवाण केली. मी मधे पडलोच नाही.

गुरुवारी न्योकी असतात, बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे. टेबल सांगून आलोय.